वेगवान इंजिन आणि झडपांची शिस्त



तीस-बत्तीस वर्षें शाळेंत मुलांना गणित आणि व्याकरण शिकविणाऱ्या माणसानें वेगवान इंजिनाच्या झडपांवर बोलावें, हें आपणांपैकीं कांहीं जणांस चमत्कारिक वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रशास्त्राची पदवी मजजवळ नाहीं. परंतु ह्या विषयाकडे मी वळलों तो हौसेनें नव्हे, एका चुकीमुळें. आणि ती चूक माझी स्वतःची होती. म्हणून प्रथम तीच सांगतों.

माझा एक जुना विद्यार्थी आमच्याच तालुक्याच्या गांवीं मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याच्याजवळ एक जुनी, बिडाच्या सिलिंडरची बुलेट आहे. एका हौशी शर्यतीसाठीं तिचें इंजिन त्यानें जरा मोकळें केलें. मोठा कार्ब्युरेटर बसविला, हेडमधील वाटा घासून गुळगुळीत केल्या आणि झडपांना जास्त उचल देणारे कॅम घातले. गाडी चांगली धांवूं लागली. पण वेगाच्या एका टप्प्यापलीकडे गेली कीं अडखळे, जणू कोणी मधूनच तिचा श्वास कोंडतो आहे. तो मजकडे आला. मीं सर्व ऐकून घेतलें आणि मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "अरे, झडप वेळेवर मिटत नाहीं. स्प्रिंग अशक्त आहे. मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग घाल." मास्तरांचा शब्द त्यानें प्रमाण मानला. अडखळणें थांबलें आणि आम्ही दोघेहि खूष झालों. पण चारपांचशें किलोमीटर झाले नाहींत तोंच इंजिनांतून खडखडाट ऐकूं येऊं लागला. उघडून पाहतों तों टॅपेटचे तळ खरवडलेले, एका कॅमचें नाक झिजून गोल झालेलें, एक पुशरॉड वांकलेला. आणि तेलाबरोबर फिरलेल्या लोखंडाच्या चुऱ्यानें कनेक्टिंग रॉडचें बेअरिंगहि खाल्लेलें. त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईचा त्यांत चुराडा झाला. तो मला एका शब्दानेंहि बोलला नाहीं. आणि तेंच मला अधिक लागलें.

पुढें मीं ह्या विषयावर मिळेल तें वाचलें, जाणत्या कारागिरांना प्रश्न विचारले, आणि कागदावर हिशेब मांडून पाहिले. तेव्हां कळलें कीं माझें निदान बरोबर होतें, पण औषध चुकलें होतें. तें कां चुकलें आणि योग्य औषध कोणतें, हें सांगावें एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. चार टप्प्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला निदान दोन झडपा असतात: एक हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेणारी, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडणारी. पुशरॉड जातीच्या इंजिनांत ह्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर असतात. पण त्यांना हालविणारा कॅमशाफ्ट मात्र खालीं, क्रँकशाफ्टच्या जवळ असतो. कॅमचा उंचवटा फिरत येतो व टॅपेटला वर उचलतो. टॅपेट पुशरॉड नांवाच्या लांब दांडीला ढकलतो. दांडी रॉकरचें एक टोंक वर लोटते. तराजूच्या दांडीप्रमाणें रॉकरचें दुसरें टोंक खालीं जातें आणि झडप उघडतें. इतकें काम कॅमचें. झडप मिटविण्याचें काम तो करीत नाहीं; तें झडपेच्या दांड्याभोंवतीं बसविलेली स्प्रिंग करते. कॅम ढकलूं शकतो, ओढूं शकत नाहीं. सर्व अडचणींचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे.

शाळेंत मीं पुष्कळ वर्षें लेझीम शिकविली. ढोलाचा ठेका संथ असतो तोंवर प्रत्येक मुलाचा हात ठेक्याबरोबर वर जातो व ठेक्याबरोबर खालीं येतो. ठेका वाढवीत नेला, कीं ज्याच्या हातांत जड लेझीम आहे तो मुलगा सर्वांच्या आधीं चुकतो. हात वर गेला तो वळवून परत आणण्यास त्याला वेळ पुरत नाहीं. पुढचा ठोका पडतो तेव्हां तो मागच्याच ठोक्यावर असतो. झडपेचें नेमकें असेंच होतें. कॅमचें नाक टॅपेटखालून निघून जातें, उतार सुरू होतो, आणि झडप, रॉकर, पुशरॉड व टॅपेट हे सर्व मिळून उतारावरून त्याच्या मागोमाग यावयाचे असतात. स्प्रिंगला त्यांना तितक्या त्वरेनें वळवितां आलें नाहीं तर टॅपेट कॅमला सोडून अधांतरीं राहतो. ह्यालाच कारागीर झडप तरंगली असें म्हणतात. मागून ती खालीं येते ती हलकेच बसत नाहीं. आपटते आणि उसळते. सिलिंडरांतील दाब निसटतो, इंजिन अडखळतें; आणि वेग तसाच राहिला तर वर येणारा पिस्टन अर्धवट उघड्या झडपेला गांठतो. मग झडप वांकते किंवा तुटते, आणि तुटलेला तुकडा सगळें इंजिन फोडून टाकतो.

ही घाई किती, तें आंकड्यांनीं पाहूं. मिनिटाला ७५०० फेरे घेणारें इंजिन सेकंदाला १२५ फेरे घेतें. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांस झडप एकदां उघडते. म्हणजे सेकंदाला बासष्टांहून अधिक वेळां. कॅमनें ती क्रँकच्या २७० अंशांपर्यंत उघडी धरली असें मानलें, तर उघडून, १४ मिलिमीटर खालीं जाऊन, वळून, पुनः मिटेपर्यंत तिला सेकंदाचे हजार भागांपैकीं फक्त सहा भाग मिळतात. डोळ्याची पापणी लवण्यासहि ह्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आतां ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा नियम. कॅम तोच ठेवला आणि इंजिनाचा वेग वाढविला, तर झडप वळविण्यास लागणारें बळ वेगाच्या प्रमाणांत वाढत नाहीं. तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. वेग ५००० वरून ७००० केला म्हणजे वेग वाढला १.४ पट, पण बळ लागतें १.९६ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ६००० वरून ७५०० केला तर दीडपटीहून अधिक. शेवटचे थोडेसे फेरे मिळविण्याची किंमत पहिल्या फेऱ्यांपेक्षां फार मोठी पडते ती ह्यामुळें.

मग स्प्रिंग कडक करणें हाच मार्ग नव्हे काय? मलाहि तसेंच वाटलें होतें. पण विचार करा. झडप वळविण्यासाठीं स्प्रिंगचें बळ खर्च होतें तें मोठ्या वेगावर. तेथें कॅमच्या नाकावरून जातांना सर्व भागांचा वर उडण्याचा कल असतो, आणि स्प्रिंगचें बरेंचसें बळ त्या कलाला आवरण्यांत जातें. कॅमवर भार थोडाच उरतो. इंजिन मंद चालत असेल तेव्हां मात्र आवरावयास कांहींच नसतें. मग स्प्रिंगचें संपूर्ण बळ टॅपेटच्या तळाला कॅमच्या नाकावर दाबीत राहतें, आणि त्याच वेळीं तेलाचा शिडकावाहि कमी असतो. म्हणजे फाजील कडक स्प्रिंग कॅमला खाते ती शर्यतींत नव्हे. गाडी दारांत उभी राहून शांतपणें धुगधुगत असतांना! माझ्या विद्यार्थ्याची बुलेट रोज गावांतल्या गावांत, मंद गतीनें चालत होती. आणि मीं सुचविलेली स्प्रिंग तिचा कॅम रोज थोडाथोडा खरवडून काढीत होती. अति तेथें माती, ती अशी.

तेव्हां बळ वाढविण्याआधीं ओझें कमी करावें, हा पहिला धडा. आतां कोणाचें ओझें?

येथें एक मौजेची गोष्ट आहे. रॉकरचे दोन हात सारखे नसतात. झडपेकडील हात लांब असतो. एक ते दीड असें प्रमाण धरलें, तर टॅपेट एक इंच हालतो तेव्हां झडप दीड इंच हालते. झडपेकडील भागांस त्याच वेळांत दीडपट अंतर कापावें लागतें, म्हणून त्यांचें वजन अधिक जाचतें. आणि हा जाच दिडीनें नव्हे, दिडीच्या वर्गानें, म्हणजे सव्वादोन पटीनें मोजावा लागतो. झडपेवरील एक ग्रॅम हा पुशरॉडवरील सव्वादोन ग्रॅमांच्या बरोबरीचा. वाटसरूच्या पाठीवरचें ओझें आणि पायांतील चिखलानें जड झालेली वहाण, ह्यांत जो फरक तोच येथें आहे.

ह्यावरून निवडीचीं दोन सूत्रें निघतात. रॉकरपासून झडपेपर्यंतचे सर्व भाग हलके असावे. कॅमपासून रॉकरपर्यंतचे सर्व भाग ताठ असावे, मग त्यांचें वजन थोडें वाढलें तरी चालेल. नवशिके नेमके उलट करतात: पुशरॉड बारीक, हलका घेतात आणि झडपेवर जाड वाट्या चढवितात.

येथें कोणी शंका घेईल, कीं इतकी यातायात कशाला? कॅमशाफ्टच माथ्यावर नेला म्हणजे पुशरॉडची कटकटच संपली. शंका रास्त आहे, आणि बहुतेक आधुनिक इंजिनें तशींच असतात. पण पुशरॉडचें इंजिन आंखूड व बुटकें होतें, त्याचे भाग थोडे असतात, आणि दुरुस्ती सोपी असते. शिवाय तें वेगानें फिरूं शकत नाहीं हा समज खरा नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतींत अल् अन्सर धाकटे हे पेन्स्के संघाच्या ज्या गाडीनें जिंकले, तिचें मर्सिडीझ-इल्मोर इंजिन पुशरॉडचें होतें, आणि तें मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेई. युक्ति ही, कीं कॅमशाफ्ट शक्य तितका उंच बसवून पुशरॉड अगदीं आंखूड केले होते. आंखूड दांडी ताठ असते; आपलें दुसरें सूत्र तेंच सांगतें.

पुशरॉडच्या इंजिनाकडून वेग काढण्याची ही विद्या जेथें हजारों हौशी लोकांच्या हातीं वाढली तो देश अमेरिका. आणि तेथील नमुन्याचें इंजिन म्हणजे शेव्हरोलेचें १९५५ सालीं निघालेलें लहान व्ही-आठ. आठ सिलिंडर दोन ओळींत, मधल्या खांचेंत एकच कॅमशाफ्ट, आणि सोळा पुशरॉड. ह्याच घराण्यांतील ३०२ घनइंची, म्हणजे सुमारें ५ लिटरचें इंजिन १९६७ ते १९६९ ह्या काळांत कॅमॅरो झेड्-२८ ह्या गाडींत येत असे. ट्रान्स-अॅम शर्यतीच्या नियमांत ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून तें मुद्दाम तसें बनविलें. सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि पिस्टनची धांव अवघी ३ इंच. धांव आंखूड असल्यामुळें ७५०० फेऱ्यांवरहि पिस्टनची सरासरी गति सेकंदाला १९ मीटरच होते. ९० मिलिमीटर धांवेच्या बुलेटला तीच गति ६३५० फेऱ्यांच्या सुमारास गांठावी लागेल. खालचा भाग असा समर्थ असला म्हणजे वेगाची मर्यादा झडपाच ठरवितात. अशा इंजिनासाठीं, ७५०० फेरे हें ध्येय धरून, एकेक भाग कसा निवडावा तें आतां पाहूं.

आरंभ कॅमपासून करावा. आधीं कळस आणि मग पाया असें करूं नये. गाडी कोठें चालवावयाची, कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत शक्ति हवी, आणि हेडमधून किती हवा जाऊं शकते, हें ठरल्यावर कॅम ठरतो. आणि कॅम ठरल्याशिवाय स्प्रिंगचा प्रश्नच विचारतां येत नाहीं. केवळ जास्त उचल म्हणजे चांगला कॅम नव्हे. उचल कितीहि असो, ती किती झटक्यानें दिली आणि झडप किती हळुवारपणें बैठकीवर उतरविली, ह्यावर सर्व अवलंबून आहे. म्हणून कॅम बनविणारा त्याच्या जोडीला जी स्प्रिंग सांगतो ती टाळून आपल्या मनाची घालूं नये.

दुसरा भाग टॅपेट. ह्याच्या जाती तीन. पहिली साधी, घन, सपाट तळाची. तिला सपाट म्हणतात खरें, पण तळ किंचित् फुगीर असतो आणि कॅम किंचित् उतरता. त्यामुळें टॅपेट स्वतःभोंवतीं फिरत राहतो आणि एकाच जागीं झिजत नाहीं. झडप किती झपाट्यानें उघडावी ह्याला ह्या टॅपेटचा व्यास मर्यादा घालतो. झपाटा फाजील झाला तर कॅमचें नाक टॅपेटची कडा खणूं लागतें. शेव्हरोलेचा टॅपेट ०.८४२ इंच व्यासाचा, क्रायस्लरचा ०.९०४ इंच, म्हणून एकासाठीं कोरलेला कॅम दुसऱ्यास चालेलच असें नाहीं. ह्या जातींत झडप मिटलेली असतांना थोडी फट ठेवावी लागते. ३०२ इंजिनाच्या प्रसिद्ध कॅमला 'तीस-तीस' हें नांव पडलें तें दोन्ही झडपांना इंचाच्या हजार भागांपैकीं तीस भाग फट ठेवीत म्हणून.

दुसरी जात तेलाच्या दाबानें फट आपोआप भरून काढणारी. रोजच्या गाडीस ती उत्तम. पण मोठ्या वेगावर झडप तरंगली, कीं ती मधली मोकळी जागाहि तेलानें भरून टाकते आणि झडप मिटूंच देत नाहीं. साधारणपणें साडेसहा हजार फेऱ्यांपलीकडे हिच्यावर विसंबणें अवघड जातें. तिसरी जात तळाशीं चाक असलेली. तिच्यासाठीं कॅम अधिक झपाट्याचा कोरतां येतो, घर्षण कमी होतें, आणि कडक स्प्रिंगहि सोसते. मात्र ती वजनानें जड, आणि तिच्या चाकांतील बारीक सुयांच्या बेअरिंगला मंद वेगांत तेल कमी मिळालें तर तें फुटतें. शर्यतीच्या इंजिनाला ती शोभते. बाजारहाटाच्या गाडीला घालावयाची तर तिची नित्य तपासणी करण्याची तयारी हवी.

तिसरा भाग पुशरॉड. झडप पूर्ण उघडी असतांना स्प्रिंगचें बळ ३२० पौंड असेल तर रॉकरच्या दीडपटीमुळें पुशरॉडवर ४८० पौंड, म्हणजे दोनशें किलोंहून अधिक भार पडतो. वेगानें उघडतांना तो आणखी वाढतो. बारीक दांडी अशा वेळीं धनुष्यासारखी वांकते, आणि सुटली कीं झडपेला कॅमनें सांगितल्यापेक्षां वर फेंकते. पुष्कळदां स्प्रिंगला दोष दिला जातो तो खरा ह्या दांडीचा असतो. हिशेब पाहा: पांच-सोळांश इंच व्यासाच्या पोकळ पुशरॉडऐवजीं तेवढ्याच जाडीच्या भिंतीचा, म्हणजे ०.०८० इंचाचा, तीन-अष्टमांश इंचाचा पुशरॉड घेतला, तर वजन शेंकडा सत्तावीस वाढतें, पण वांकण्यास होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. इतका स्वस्त सौदा साऱ्या इंजिनांत दुसरा नाहीं. जाड पुशरॉडला हेडमध्यें पुरेशी जागा आहे ना, हें मात्र आधीं पाहावें.

चौथा भाग रॉकर. १९५५ च्या इंजिनांत पत्र्यापासून ठोकून काढलेला, गोळीवर डोलणारा रॉकर होता. हलका, स्वस्त आणि आपल्या कामापुरता चांगला. कडक स्प्रिंगबरोबर मात्र तो धरणारा, ठोकून बसविलेला खिळा हळूहळू वर सरकतो. म्हणून आट्याचा जाड खिळा, किंवा रॉकरांना एकत्र धरणारा आडवा दांडा वापरतात. दीडपटीऐवजीं १.६ पट रॉकर घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. उचल शेंकडा सुमारें सात वाढते हें खरें. पण झडपेचें ओझें कॅमच्या बाजूला शेंकडा चौदांच्या घरांत वाढतें, हें विसरूं नये. रॉकरचें वजन त्याच्या मध्यापाशीं कितीहि असो, तें फारसें बाधत नाहीं. टोंकाशीं असेल तें बाधतें.

पांचवा भाग प्रत्यक्ष झडप आणि तिच्या वरची वाटी, जिला रिटेनर म्हणतात. येथें प्रत्येक ग्रॅम पुऱ्या किंमतीनें मोजला जातो. टायटॅनियम धातु पोलादाच्या सुमारें शेंकडा सत्तावन्न वजनाची. शेव्हरोलेच्या २००६ सालच्या ७ लिटर एल्‌एस्-७ इंजिनांत आंत घेणाऱ्या झडपा टायटॅनियमच्या, आणि धुराच्या झडपा पोकळ दांड्यांत सोडियम भरलेल्या होत्या. म्हणूनच ५६ मिलिमीटर व्यासाच्या झडपा, तेलाचे टॅपेट असूनहि, ७००० फेऱ्यांपर्यंत चालत. पण टायटॅनियम फार महाग. तिला लेप लागतो, टोंकावर कठीण टोपी लागते, आणि झडपेची बैठकहि तिला मानवेल अशा मऊ मिश्रधातूची लागते. बेतानें खर्च करणाऱ्यानें बारीक दांड्याच्या पोलादी झडपा आणि चांगल्या पोलादाच्या लहान वाट्या घ्याव्या. ह्यांत पुष्कळसा लाभ थोड्या पैशांत पदरीं पडतो.

आणि सर्वांच्या शेवटीं स्प्रिंग. आतां किती ओझें वळवावयाचें तें आपणांस ठाऊक झालें. सपाट तळाच्या टॅपेटला झडप मिटलेली असतांना सुमारें १२० पौंड आणि पूर्ण उघडी असतांना ३०० ते ३५० पौंड, ह्यापलीकडे सहसा जाऊं नये. चाकाच्या घन टॅपेटला मिटलेल्या स्थितींत २०० आणि उघड्या स्थितींत ५०० पौंड व त्याहूनहि अधिक लागतात. परंतु बळ हा स्प्रिंगचा एकच गुण नव्हे. स्प्रिंगलाहि स्वतःचें वजन असतें. त्याचा साधारण एक-तृतीयांश भाग झडपेबरोबर हालतो असें धरतात. शिवाय स्प्रिंगला स्वतःचा एक झोका असतो. झोपाळ्याला त्याच्या लयींत धक्के दिले तर तो उंच उंच जातो. कॅमचे धक्के स्प्रिंगच्या लयींत पडूं लागले, कीं तिच्या वेटोळ्यांतून लाटा धांवूं लागतात, आणि जेथें ३०० पौंड असावे तेथें क्षणभर तितके राहत नाहींत. ह्याला उपाय दोन. एक, मोठ्या स्प्रिंगच्या आंत दुसरी घट्ट बसणारी स्प्रिंग घालणें. दोघींच्या घर्षणानें लाटा विरतात, आणि एक तुटली तरी दुसरी झडपेला धरून ठेवते. दुसरा, मधाच्या पोळ्यासारखी वर निमुळती होत गेलेली स्प्रिंग. तिचीं वेटोळीं सारखीं नसल्यामुळें तीं सगळीं एकाच लयींत सांपडत नाहींत, आणि वरची वाटीहि लहान व हलकी लागते. मात्र ती एकटी असते. तुटली तर सांवरणारें कोणी नाहीं.

भाग निवडले म्हणजे काम संपलें नाहीं, मापणें राहिलें. झडप पूर्ण उघडी असतांना स्प्रिंगचीं वेटोळीं एकमेकांस भिडावयास निदान दीड मिलिमीटर अवकाश असावा. वाटी गाइडच्या माथ्यावर आपटतां कामा नये. पुशरॉडची लांबी अंदाजानें घेऊं नये. लांबी बदलतां येणारा मापाचा पुशरॉड घालून, झडपेच्या टोंकाला शाई लावून इंजिन हातानें फिरवावें, आणि रॉकरचा उमटलेला पट्टा अरुंद व मध्याजवळ आहे असें पाहावें. पिस्टनवर मळलेली मऊ माती ठेवून हेड बसवावें, दोन फेरे हातानें द्यावे, आणि मातींत उमटलेल्या ठशाची उरलेली जाडी मोजावी. आंत घेणाऱ्या झडपेखालीं २ मिलिमीटर आणि धुराच्या झडपेखालीं अडीच मिलिमीटर अंतर हवें. ह्या सर्वांस एक दुपार पुरते; आणि ही एक दुपार सारें इंजिन वाचविते.

शेवटची काळजी नव्या सपाट टॅपेटची. इंजिन प्रथम सुरू झालें कीं तें मंद ठेवूं नये. सुमारें दोन हजार फेऱ्यांवर, थोडें वरखालीं करीत, वीस मिनिटें चालवावें, म्हणजे कॅमवर तेल उडत राहतें. आंतली स्प्रिंग तेवढ्यापुरती काढून ठेवावी. जस्त व स्फुरद यांचें संयुग पुरेसें असलेलें तेल घ्यावें. आजच्या पुष्कळ मोटारींच्या तेलांत तें धुराच्या नळींतील शुद्धिकारकाच्या रक्षणासाठीं कमी केलेलें असतें.

असो. माझ्या विद्यार्थ्याकडे परत जाऊं. जमविलेले हे सगळे हिशेब घेऊन मी त्याच्या दुकानीं गेलों, आणि ह्या वेळीं सल्ला दिला नाहीं. दोघांनीं मिळून मापलें. नव्या कॅमशीं जुळणारी, मूळच्या स्प्रिंगपेक्षां थोडीशीच कडक अशी जोडी त्यानें घेतली, वरच्या वाट्या हलक्या करविल्या, पुशरॉड जाड नळीचे केले. एवढें करूनहि हिशेबांत दिसलें, कीं त्यानें धरलेला सर्वांत वरचा वेग ह्या झडपांना सोसणारा नाहीं. तो माझ्याकडे पाहूं लागला. मीं म्हटलें, "वरचे पांचशें फेरे सोडून दे." त्यानें सोडले. आज ती गाडी रोज चालते आहे, आणि वर्षानें कॅम उघडून पाहिला तेव्हां त्याच्या नाकावर ओरखडाहि नव्हता.

वेगवान इंजिन बांधूं इच्छिणाऱ्या तरुणांस माझें सांगणें एवढेंच, कीं बाजारांतील सर्वांत कडक, सर्वांत मोठी, सर्वांत महाग वस्तु एकेक करून गोळा करूं नका. झडपेच्या बाजूला हलकेपणा, कॅमच्या बाजूला ताठरपणा, आणि स्प्रिंगला गरजेपुरतें बळ, हा क्रम धरा. आणि कोणी वडीलधारा माणूस, तो तुमचा मास्तर कां असेना, न मापतां सल्ला देऊं लागला, तर त्याला नमस्कार करा आणि मोजपट्टी हातांत घ्या.